मालट्रकचा पुढचा एक्सल आणि चालकाचे शरीर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'मालट्रकचा पुढचा एक्सल' असे सांगितले. त्यांनी सौजन्याने पुन्हा विचारले, "म्हणजे आपण कामगार चळवळीवरच बोलणार ना?" आम्ही म्हणालो, होय, चळवळीवरच बोलणार, पण ती चळवळ ज्या जागी आम्हांला प्रथम कळली, त्या जागेपासून सुरुवात करणार. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह झाला आहे. त्यांच्या पंगतीत ट्रकच्या पाट्यांनाही एक पाट मिळावा, एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम आमचा अधिकार सांगितला पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. १९८७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आम्ही क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो. १९९३ साली अवजड वाहनाचा परवाना मिळाला. पुढे युनियनचे काम अंगावर आले आणि स्टिअरिंग सुटले. जे काही यंत्रशास्त्र कळते ते गॅरेजात, ट्रकखाली सतरंजी टाकून, आणि तेलाने माखलेल्या एका इंग्रजी मॅन्युअलवरून कळले. ते पुस्तक आम्ही रात्री शब्दकोश घेऊन वाचत असू. एक पान समजायला कधी कधी आठवडा लागे. पण समजलेले पान पुन्हा विसरले नाही.

आता गाडीकडे वळू. बैलगाडीला स्टिअरिंग नसते. बैल वळले की गाडी वळते. चार चाकांची घोडागाडी आली तेव्हा पुढचा आस आख्खाच मधल्या खिळ्यावर फिरवीत. वळणावर तो आडवा झाला की गाडी उलटण्याची भीती. १८१७ साली म्यूनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिराने ह्यावर तोड काढली : आस जागच्या जागी राहू द्यावा आणि त्याच्या दोन टोकांवर दोन चाके स्वतंत्रपणे वळवावीत, आतले चाक अधिक आणि बाहेरचे कमी. ह्या युक्तीचे पेटंट १८१८ साली लंडनमध्ये त्याचे प्रतिनिधी आकरमान ह्यांनी आपल्या नावावर घेतले. आज जगभरच्या पुस्तकांत त्या रचनेला आकरमानचे नाव आहे. डोके कारागिराचे आणि नाव मुखत्याराचे! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला फारसे आश्चर्य वाटले नाही.

मालट्रकचा पुढचा भाग आजही मूलतः तोच आहे. आडवा पोलादी एक्सल. त्याच्या दोन टोकांना दोन उभे खिळे, त्यांना किंगपिन म्हणतात. त्या खिळ्यांवर चाके डावी-उजवीकडे वळतात. दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी म्हणजे टायरॉड. स्टिअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी लांब दांडी म्हणजे ड्रॅग लिंक. आणि हा सारा संसार चासीखाली ज्यावर टांगलेला असतो ते पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध सेंटर बोल्टाने ओवलेल्या आणि यू-बोल्टांनी एक्सलला आवळलेल्या. दोन एक्सलच्या ट्रकला भरल्यावर १८.५ टन वजनाची मर्यादा आहे; त्यांतले ७ टन पुढच्या एक्सलवर. म्हणजे पुढच्या एकेका चाकावर साडेतीन टन. आमच्या उमेदीच्या काळी आम्ही चालवलेल्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. उभी भरलेली गाडी धक्क्यावर लावायची तर चालक सीटवरून अर्धवट उठून, छाती स्टिअरिंगवर टाकून ते ओढी, आणि खाली उभा असलेला क्लीनर "काट, काट" म्हणून ओरडे.

पॉवर स्टिअरिंगचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत पिअर्स-ॲरो नावाच्या कारखान्यात फ्रान्सिस डेव्हिस नावाचे अभियंते ट्रकच्या विभागात काम करीत. अवजड गाडी वळवताना चालकाचे होणारे हाल त्यांनी पाहिले होते. नोकरी सोडून त्यांनी तेलाच्या दाबाने चाक वळवणारी योजना तयार केली आणि १९२६ साली ती चालवून दाखवली. पुढे महायुद्धात ती लष्करी गाड्यांवर आली, आणि बाजारात सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी १९५१ साली आली ती क्रायस्लरच्या आलिशान मोटारीवर. ट्रक-चालकाचे खांदे पाहून सुचलेली युक्ती आधी सुखवस्तू माणसाच्या बोटांना मिळाली. आम्ही चालवलेल्या ट्रकांना ती मिळायला आणखी अर्धे शतक गेले.

आता आमच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. त्यात दोष दुसऱ्याचा आहे तसा आमचाही आहे, म्हणूनच तो सांगणे भाग आहे.

१९९६ च्या पावसाळ्याची गोष्ट. आम्ही ज्यांच्या हाताखाली गाडी शिकलो ते आमचे उस्ताद साखरेची पोती भरून कराडहून चिपळूणकडे निघाले होते. कुंभार्ली घाट उतरताना डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटला, एक्सल डावीकडून मागे सरकला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. डावीकडे डोंगर होता म्हणून दोघे वाचले. गाडी गटारात जाऊन दरडीला लागली. डाव्या बाजूला बसलेल्या क्लीनरचा पाय गुडघ्याखाली गेला. तो अठरा वर्षांचा होता. उस्तादांवर निष्काळजीपणाने गाडी चालवल्याचा खटला झाला.

उस्तादांनी त्याआधी तीनदा गॅरेजात सांगितले होते, की गाडी डावीकडे ओढते. फिटर चांगला माणूस होता. पण मालकाचा हुकूम होता की गाडी एक दिवससुद्धा उभी राहता कामा नये. महिन्यापूर्वीच जादा माल भरता यावा म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा चढवला होता आणि जुनेच यू-बोल्ट पुन्हा आवळले होते. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा पूर्ण पकड घेत नाही. नवे बोल्टसुद्धा काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात. यू-बोल्ट ढिले झाले की पाटे एकमेकांवर सरकू लागतात आणि सगळा भार मधल्या एका बोल्टावर येतो. तो बोल्ट पाटे एकत्र ओवण्यासाठी असतो, सात टन थोपवण्यासाठी नव्हे. गाडी डावीकडे ओढत होती, ती एक्सल आधीच थोडा सरकला होता म्हणून. ती आपली तक्रार सांगत होती. ऐकणारा कोणी नव्हता.

आम्ही त्या वेळी आमच्या शाखेचे चिटणीस होतो. चौकशीत मालकाच्या वकिलांनी आमच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. पहिली : चालकाची लेखी तक्रार कोठे आहे? ती नव्हती, तोंडीच सांगण्याची रीत होती. दुसरी गोष्ट म्हणजे आदल्या वर्षीचा करार. त्या करारात आम्ही जड स्टिअरिंगचा आणि घाटाचा त्रास म्हणून फेरीमागे पंधरा रुपये भत्ता मिळवला होता. सही आमची होती, आणि त्या दिवशी पेढे वाटले होते तेही आम्हीच. वकील म्हणाले, "त्रासाबद्दल आपण भत्ता घेता, मग तक्रार कसली?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. धोका दूर करून घेण्याऐवजी आम्ही त्याची किंमत ठरवली आणि पंधरा रुपयांना तो विकला. उस्ताद चार वर्षांनी निर्दोष सुटले, पण त्यांनी पुन्हा गाडी हातात धरली नाही. त्यांनी आम्हांला कधी शब्दाने दुखवले नाही, एवढेच म्हणाले, "बाबा, भत्त्याने गाडी सरळ चालत नाही."

बंधुभगिनींनो, आजच्या भाषणात सांगण्यासारखे जे काही आहे ते ह्या एका वाक्यात आहे. यंत्राचा दोष पैशाने माणसाच्या अंगावर ढकलता येतो. पण ढकलला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कोठे तरी, कोणाच्या तरी पायावर येऊन पडतो.

त्यानंतर आमच्या युनियनने मागणीच बदलली. पहिली मागणी तक्रारवहीची : चालकाने दोष लिहावा, फिटरने सही करावी, आणि सही होईपर्यंत गाडी निघू नये. दुसरी मागणी अशी, की भत्ता गोठवा आणि त्या पैशांतून गाड्यांची पुढची बाजू सुधारा. ह्या मागणीला सर्वांत कडवा विरोध आमच्याच सभासदांचा झाला. एक ज्येष्ठ चालक उभे राहून म्हणाले, "ज्याला स्टिअरिंग ओढवत नाही त्याने रिक्षा चालवावी." टाळ्या पडल्या. दुखण्याला मर्दुमकी म्हणण्याची सवय आम्हां कामगारांना फार जुनी आहे आणि ती मालकाला फार स्वस्त पडते. दोन सभा मोडल्या, तिसऱ्या सभेत ठराव झाला.

२००३ साली एका ट्रान्सपोर्टच्या मालकाने एका गाडीवर प्रयोग करायचे मान्य केले. कारखान्याचा मान्य पॉवर स्टिअरिंगचा संच आणून बसवला. पहिल्या फेरीहून चालक परतला तो पांढराफटक. म्हणाला, "हलकी झाली, पण भूत शिरले. गतिरोधकावरून उतरली की न सांगता वळते." विरोधकांना हसायला निमित्त मिळाले. आम्ही मॅन्युअल घेऊन बसलो आणि एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी अर्ध्या तासात दोष दाखवला.

दोष असा होता. पाटा दबतो तेव्हा एक्सल नुसता वर जात नाही. पाट्याच्या बांधलेल्या टोकाभोवती तो एका कमानीत फिरतो. ड्रॅग लिंकही ड्रॉप आर्मच्या टोकाभोवती आपल्या कमानीत फिरते. गाडी घडवणारा अभियंता ह्या दोन कमानी एकमेकींशी जुळवून ठेवतो. आपण जादा पाटा घातला की गाडीचे नाक उचलते, दांडीचा कोन बदलतो आणि कमानी जुळेनाशा होतात. मग प्रत्येक खड्ड्यात एक्सलच दांडीला ढकलतो आणि चाक चालकाला न विचारता वळते. जुन्या जड स्टिअरिंगमध्ये चालकाचे दंड हा धक्का अंगावर घेत होते, म्हणून तो कोणाला दिसला नव्हता. शिवाय किंगपिनचे बुश झिजलेले. नवे जोरदार यंत्र जुन्या सैल सांध्यांवर बसवलेले.

मिस्त्रींनी आम्हांला क्रम शिकवला, तो आम्ही पुढे प्रत्येक करारात कलमवार लिहिला. आधी चासी आणि पाट्यांचे ब्रॅकेट पाहा. चीर असेल तर बाकी सारे व्यर्थ. मग पाटे : मूळ वजनमानाचा संच, दोन्ही बाजूंना एकदम, पिना, बुश आणि शॅकल नवे, यू-बोल्ट नवे. कमी पट्ट्यांचे, टोकांकडे निमुळते होत जाणारे पॅराबोलिक पाटे त्या गाडीसाठी मान्य असतील तर तेच घ्या. त्यांच्या पट्ट्या एकमेकींवर घासत नाहीत, म्हणून गाडी मऊ चालते; पण घर्षण कमी म्हणून हेलकावे थोपवायला शॉकॲब्सॉर्बर चांगले हवेत. मग किंगपिन आणि बुश. मग टायरॉड आणि ड्रॅग लिंकची टोके. त्यानंतर स्टिअरिंग बॉक्स आणि पंप. सर्वांत शेवटी अलाइनमेंट. लोक नेमके उलटे करतात. अलाइनमेंट आधी आणि किंगपिन कधीच नाही.

किंगपिन तपासायला मोठे यंत्र लागत नाही. एक्सलखाली जॅक लावून चाक अधांतरी करा. टायर वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. थांबली नाही तर किंगपिनमध्ये. ग्रीसही चाक उचलूनच भरावे, म्हणजे भार पेलणाऱ्या पृष्ठापर्यंत ते पोहोचते. हे सारे क्लीनरला एका दुपारी शिकवता येते. आम्हांला मात्र ते नऊ वर्षे कोणी शिकवले नव्हते.

ह्या क्रमाने काम झाल्यावर ती गाडी सरळ चालू लागली. ज्येष्ठ चालकांनी, रिक्षाचा सल्ला देणाऱ्यांनीच, ती एकदा नाशिकला नेली. परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या फेरीला तीच गाडी मागितली.

येथे एक सावधगिरीची सूचना. पॉवर स्टिअरिंग हा उपकार आहे तसा पडदाही आहे. जड स्टिअरिंगमध्ये सैल सांधा तळहाताला कळतो. तेलाच्या दाबामागे तो लपतो. इंजिन बंद पडले किंवा पट्टा तुटला की दाब जातो आणि सारे वजन एकदम हातांवर येते. म्हणून सोय वाढली की तपासणीही वाढली पाहिजे. आणि कोणत्याही कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून हे काम करून घेऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांवर बंधन घालते, आणि ते योग्यच आहे. स्टिअरिंगच्या दांडीवरचे कच्चे वेल्डिंग म्हणजे उधारीवरचा अपघात.

मालक विचारतात, खर्च कोणी करायचा? आम्ही त्यांच्याच हिशेबात उत्तर देतो. पुढचे चाक सरळ रेषेपासून फक्त १ अंश वाकडे राहिले, तर प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते. हे त्रिकोणमितीचे साधे गणित आहे. आम्ही ते चाळिशीत शिकलो. पुणे ते नागपूर हा रस्ता सुमारे सातशे किलोमीटरचा धरा. म्हणजे टायर जवळपास बारा किलोमीटर नुसते घासत जाते. त्या रबराचे पैसे मालक देतोच. बुशाचे द्यायला मात्र त्याचा हात आखडतो.

पण टायरचा हिशेब मांडता येतो तसा पाठीचा मांडत नाहीत. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचे जे हादरे सर्वांत अधिक बाधतात, ते सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे. आणि गंजून एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांवरची गाडी निव्वळ टायरांवर ठेचकाळते तेव्हा ती ह्याच पट्ट्याच्या आसपास हादरते. युरोपात २००२ च्या निर्देशाने कामगाराच्या शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांना आठ तासांच्या दिवसासाठी मर्यादा घातली : ०.५ एककाला मालकाने उपाय सुरू करावेत आणि १.१५ एककाच्या पुढे काम होऊच नये. एकक कोणते हे येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे, की पाठीचे दुखणे हे चालकाचे नशीब नसून मोजता येणारी वस्तू आहे, हे कायद्याने तेथे मान्य केले. जे मोजता येते ते मागता येते.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आज नव्या अवजड ट्रकांना पॉवर स्टिअरिंग असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. परंतु जुलै २०१८ मध्ये पुढच्या एक्सलची मर्यादा ६ टनांवरून ७ टनांवर नेण्यात आली, तेव्हा काय झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. नव्या बांधणीच्या गाडीला ते वजन पेलते. पण तिसऱ्या हाती गेलेल्या जुन्या गाडीच्या मालकानेही तोच आकडा आपला मानला आणि पुन्हा एकेक जादा पाटा चढवला. कागदावर टन वाढायला एक सही पुरते. किंगपिनला ती सही वाचता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक मालट्रकला तक्रारवही असावी आणि अपघाताच्या चौकशीत चालकाच्या परवान्याबरोबर ती वहीही मागितली जावी. जुन्या गाडीच्या तंदुरुस्तीच्या तपासणीत पुढचा एक्सल उचलून सांधे हलवून पाहिल्याशिवाय दाखला मिळू नये. आणि तिसरी मागणी आमच्याच कामगार बंधूंकडे : धोक्याचा भत्ता घेऊ नका. धोका काढून घ्या. पगारवाढीसाठी संप करणारे पुष्कळ पाहिले; एका किंगपिनसाठी चार तास गाडी उभी ठेवणारा चालक आम्हांला त्यांच्याइतकाच थोर वाटतो.

आपण म्हणाल, ह्यात आमचा काय संबंध? आपल्या घरी आज जी साखर आली ती कोणत्या तरी घाटातून आली. त्या घाटात आपली एसटी, आपली मोटार, आपल्या मुलाची दुचाकी त्याच ट्रकच्या समोरून जाते. पुढच्या वेळी 'चालकाचा ताबा सुटल्याने' ही बातमी वाचाल तेव्हा एवढाच प्रश्न विचारा, की त्याच्या हाती ताबा होता का?

त्या अपघातातला क्लीनर आज पंचेचाळिशीच्या पुढे आहे. त्याचे टायर-पंक्चरचे दुकान आहे. आम्ही गेलो की चहा मागवतो. येणाऱ्या प्रत्येक ट्रकचे यू-बोल्ट तो न सांगता, पैसे न घेता, पान्याने एकदा तपासतो. ही गोष्ट आम्ही आमच्या युनियनच्या कोणत्याही अहवालात लिहिलेली नाही; ती येथे सांगावी असे वाटले.